तांब्याच्या पोटातली ठिणगी

जिथे काहीच नाही, तिथे ठिणगी कशी उडेल?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पावसाळ्यात ढगातून झेपावणारी वीज घ्या किंवा घरात चालू इस्त्रीचा प्लग ओढताना दिसणारी निळसर चमक घ्या, दोन्ही ठिकाणी मध्ये हवा असते. विजेचा ताण वाढत गेला की हवेतला एखादा सुटा इलेक्ट्रॉन वेग घेतो, वाटेतल्या रेणूवर आदळतो आणि त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हवेतून वीज वाहू लागते. साध्या हवेत हे घडवायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टचा ताण लागतो. हवेचा दाब, मधलं अंतर आणि ठिणगी पाडणारा व्होल्टेज यांचं नातं फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच मांडलं होतं. हवा फार विरळ केली की ठिणगी पाडणं अवघड होत जातं, कारण आदळायला रेणूच उरत नाहीत.

मग पंप लावून जवळजवळ सगळी हवा काढून टाकली तर? ठिणगी बंदच व्हायला हवी. पण तशी ती होत नाही! दोन चकचकीत तांब्याचे तुकडे निर्वात नळीत समोरासमोर ठेवा, व्होल्टेज वाढवत न्या, आणि एका क्षणी त्यांच्यामध्ये लखकन उजेड पडतो. जळायला, फुटायला, वाहून न्यायला मध्ये काहीही नव्हतं. मग उजेड कशाचा?

उजेड खुद्द तांब्याचा. घन, थंड, घासूनपुसून स्वच्छ केलेल्या धातूचा एक कण अचानक वाफ होतो, त्या वाफेचा प्लाझ्मा होतो आणि तो प्लाझ्मा पोकळीत विजेचा पूल बांधतो. या घटनेला निर्वातातला ब्रेकडाउन म्हणतात. ती ठाऊक होऊन शंभर वर्षं उलटली, तरी तिची अगदी पहिली पायरी कोणती, यावर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नाही. आपल्या सबस्टेशनमध्ये ११ हजार आणि ३३ हजार व्होल्टच्या लाइनवर जे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर असतात, त्यांच्या पोटात हाच प्लाझ्मा रोजच्या कामाला जुंपलेला असतो. बंद बाटलीतले दोन कॉन्टॅक्ट एकमेकांपासून दूर सरकतात, त्यांच्यामध्ये धातूच्या वाफेची आर्क पेटते, आणि एसी विद्युतप्रवाह शून्यातून जातो त्या क्षणी ती वाफ काही मायक्रोसेकंदांत पुन्हा धातूवर जाऊन बसते. आर्क विझते, लाइन तुटते. अमेरिकेत कॅल्टेकमध्ये रॉयल सोरेन्सन आणि एच. ई. मेंडेनहॉल यांनी १९२६ मध्ये असे स्विच चालवून दाखवले होते.

तिथे ठिणगी हवी असते. ती अजिबात नको असते कण-त्वरकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांना पळवणाऱ्या यंत्रांत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘क्लिक’ नावाच्या भावी त्वरकाचा आराखडा तयार झाला आहे. इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत, दर मीटरला १० कोटी व्होल्टच्या रेट्याने पुढे ढकलायचं, अशी त्याची कल्पना. हा रेटा देणाऱ्या नळ्या तांब्याच्या चकत्या एकावर एक जोडून बनतात. चकत्या हिऱ्याच्या हत्याराने मायक्रोमीटरच्या अचूकतेने कातलेल्या असतात. त्यांच्यात सेकंदाला १२ अब्ज आवर्तनं करणाऱ्या लहरी सोडतात, त्याही सेकंदाच्या कोट्यंशाहून थोड्याच जास्त काळापुरत्या, सेकंदाला ५० वेळा. तांब्याच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी विद्युत क्षेत्र दर मीटरला २० कोटी व्होल्टच्या वर जातं. हवेला फोडणाऱ्या ताणाच्या साठ-सत्तर पट!

एक ठिणगी उडाली की त्या वेळचा इलेक्ट्रॉनांचा झोत भरकटतो आणि वाया जातो. म्हणून अट अशी घातली आहे की एक मीटर नळीत सुमारे ३३ लाख स्पंदांमागे एकापेक्षा जास्त ठिणगी पडता कामा नये. सेकंदाला ५० स्पंदांच्या हिशेबाने हे झालं साधारण अठरा तासांत एक. सोपं वाटतं? मग हे ऐका. प्रयोगांत असं दिसलं आहे की ठिणग्यांचं प्रमाण विद्युत क्षेत्राच्या जवळपास तिसाव्या घाताने वाढतं. वर्ग नाही, घन नाही, तिसावा घात. क्षेत्र फक्त दहा टक्क्यांनी वाढवलं की ठिणग्या सतरापट. निसर्गात इतकं तीव्र नातं क्वचितच भेटतं, आणि ते भेटलं की आत काहीतरी विलक्षण चाललंय हे नक्की.

आता मुळाशी जाऊ. थंड धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर येतोच कसा? धातूच्या कडेला त्याच्यासाठी ऊर्जेची भिंत असते आणि ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. पण बाहेरून जबर विद्युत क्षेत्र लावलं की ही भिंत पातळ होत जाते. ती एखाद्या नॅनोमीटरवर आली, की क्वांटम जगाच्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉन भिंतीवरून उडी न मारता तिच्यातून आरपार बाहेर पडू लागतो. राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याचं गणित मांडलं. क्वांटम यांत्रिकी तेव्हा नुकतीच आकाराला आली होती, आणि धातूतून वीज गळण्यासारखी रोकडी गोष्ट तिने लगेच समजावून दिली.

मात्र या गणिताला दर मीटरला काहीशे कोटी ते हजार कोटी व्होल्टचं क्षेत्र लागतं. आपल्या चकतीवर आहे वीस कोटी. पन्नासपटीची तूट! तरीही ब्रेकडाउनच्या आधी तांब्यातून बारीकसा प्रवाह गळताना मोजता येतो. त्याला ‘डार्क करंट’ म्हणतात. त्याच्या आकड्यांवरून उलटा हिशेब केला तर उत्तर येतं की पृष्ठभागावर कुठेतरी क्षेत्र खरोखरच तीस ते शंभर पटींनी वाढलेलं आहे.

कुठे वाढेल? टोकदार जागी. इमारतीवरच्या वीजरोधकाच्या टोकाभोवती क्षेत्र एकवटतं, तसंच इथेही व्हायला हवं. एक मायक्रोमीटर उंच आणि टोकाला वीस नॅनोमीटर त्रिज्येची तांब्याची सुई असेल, तर पन्नासपट वाढ सहज निघते. म्हणजे आपल्या आरशासारख्या तांब्यावर अदृश्य सुयांचं रान असणार. चला तर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तांबं ठेवू आणि सुया शोधू.

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बघतो तरी कसा? इलेक्ट्रॉनांचा झोत एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरइतका बारीक करून तो नमुन्यावरून ओळीओळीने फिरवायचा. झोत जिथे पडतो तिथून धातूचे स्वतःचे इलेक्ट्रॉन उसळतात. ते मोजायचे आणि त्या आकड्यांतून ठिपक्या-ठिपक्याने चित्र उभं करायचं. यात एक सुंदर गोष्ट आहे: टोकं आणि कडा या चित्रात जास्त उजळ दिसतात, कारण तिथून इलेक्ट्रॉनांना सुटायला अनेक बाजू मोकळ्या असतात. म्हणजे सुई असलीच तर या यंत्राच्या नजरेत ती चमकून उठणार.

आणि हा झोत येतो कुठून? आजच्या उत्तम सूक्ष्मदर्शकांत तो टंगस्टनच्या एका अतिटोकदार सुईतून येतो. त्या सुईच्या टोकाशी क्षेत्र इतकं तीव्र असतं की इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार बाहेर पडतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी मांडलेलीच ही किमया! अल्बर्ट क्रू यांनी शिकागोत असाच उगम वापरून १९७० मध्ये सुटे अणू टिपले. ज्या गळतीतून ठिणगीचा जन्म होतो, तीच गळती काबूत ठेवून आपण ठिणगीने केलेली जखम न्याहाळतो. मला तर या अख्ख्या विषयातली ही सर्वात मोहक गोष्ट वाटते.

सुईच्या टोकाशी किती तीव्र क्षेत्र पेलता येतं, याचा एक दाखला भारतीयांना जवळचा वाटेल. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात १९५५ मध्ये एर्विन म्यूलर आणि त्यांचे विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईवरचे एकेक अणू पडद्यावर पाहिले. माणसाने सुटा अणू पाहिल्याची ही पहिली वेळ. त्या फील्ड आयन सूक्ष्मदर्शकात सुईच्या टोकाशी दर मीटरला हजारो कोटी व्होल्टचं क्षेत्र असतं, आणि तरीही टंगस्टनचे अणू जागचे हलत नाहीत.

तर, तांबं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काय दिसतं? कातकामाच्या बारीक समांतर रेषा दिसतात. तांब्याचे स्फटिककण दिसतात, शेजारच्या कणांहून कुणी किंचित उजळ, कुणी किंचित काळसर. कुठे धुळीचा एखादा कण. सुया मात्र दिसत नाहीत! ज्या उंचीच्या आणि ज्या टोकाच्या सुया गणित मागतं, तशा स्वच्छ तांब्यावर सापडतच नाहीत.

ठिणगी पडून गेल्यावर तेच तांबं बघा, ओळखू येणार नाही. सपाट पृष्ठभागावर काही मायक्रोमीटरपासून दहा-वीस मायक्रोमीटरपर्यंत रुंदीची विवरं पडलेली असतात, एकमेकांवर चढलेली, एकाची कड दुसऱ्याने पुसलेली. आतला तळ गुळगुळीत, कारण तो वितळून पुन्हा गोठलेला असतो. काठावर तांब्याच्या लाटा उसळलेल्या, आणि त्या कोसळायच्या आतच थिजलेल्या. काही लाटांची टोकं बोटांसारखी लांबलेली, त्यांच्या पुढे तुटून उडालेले गोल थेंब दूरवर चिकटलेले. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुमारे २५६० अंशांना उकळतं. थंड तांब्याने हा सगळा प्रवास आणि परतीची वाटही मायक्रोसेकंदांच्या हिशेबात उरकलेली असते.

हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकात तांब्याचे अणू मांडले आणि प्लाझ्मातून परत येणाऱ्या आयनांचा मारा त्यांच्यावर केला. संगणकातलं विवर होतं काही नॅनोमीटरचं, खरं विवर त्याच्या शेकडो पट मोठं. तरी दोन्हींचा घाट जुळला, खोली आणि रुंदी यांचं प्रमाणसुद्धा! त्यामुळे ठिणगीचा मधला आणि शेवटचा भाग बऱ्यापैकी उलगडला आहे. एका बिंदूतून इलेक्ट्रॉन गळतात, तो बिंदू तापतो, तिथून तांब्याचे अणू सुटतात, बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन त्या अणूंवर आदळून त्यांचे आयन करतात. आयन उलटे तांब्यावर येऊन आदळतात आणि आणखी अणू उडवतात. एकदा हे चक्र फिरलं की थांबत नाही.

राहिला तो पहिला बिंदू. आणि ठिणगीची खोड अशी की ती ज्या जागी जन्मते, ती जागाच वितळवून टाकते. विवर मिळतं, पण त्याआधी तिथे काय होतं ते कायमचं गेलेलं असतं.

मग आधीच नीट बघून ठेवलं तर? हिशेब करून पाहू. दहा नॅनोमीटरला एक ठिपका, इतक्या बारकाईने एक चौरस सेंटिमीटर टिपायचा, तर दहा लाख ठिपक्यांची दहा लाख छायाचित्रं लागतील. आणि ठिणगी त्यातल्या नेमक्या कुठल्या ठिपक्यावर पडणार, हे आधी सांगता येत नाही. म्हणून स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने उलटी युक्ती केली. ठिणगीच सूक्ष्मदर्शकाच्या आत पाडायची. नमुन्याच्या कक्षातच टंगस्टनचं बारीक टोक तांब्याच्या अगदी जवळ, मायक्रोमीटरहूनही कमी अंतरावर आणायचं. ठिणगीला मग जागा उरते ती काही चौरस मायक्रोमीटर, आणि तेवढी जागा आधी आणि नंतर नीट पाहता येते. नमुना बाहेर काढावा लागत नाही, त्यामुळे मध्ये हवा लागून तो बिघडतही नाही.

वर बघून भागत नाही म्हटल्यावर आत बघायलाही सुरुवात झाली. गॅलियमच्या आयनांचा झोत चाकूसारखा वापरून विवर उभं कापता येतं, किंवा विवराखालचा तांब्याचा पातळ पापुद्रा काढता येतो. तो दुसऱ्या प्रकारच्या, आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवला की धातूचं पोट दिसतं. आणि इथे कथेला कलाटणी मिळते.

विद्युत क्षेत्र धातूला ओढतं. दर मीटरला २० कोटी व्होल्टला ही ओढ किती? वातावरणाच्या दाबाच्या पावणेदोन पट फक्त. तांब्याला ती जाणवूही नये. पण ओढ क्षेत्राच्या वर्गाने वाढते. जिथे क्षेत्र पन्नासपट झालं, तिथे ओढ अडीच हजार पट, म्हणजे चार हजारांहून जास्त वातावरणं. मऊ तांबं याच्या दहाव्या हिश्शालाच वाकू लागतं. अशा जागी तांबं शांत बसून राहील कसं?

धातू वाकतो तेव्हा त्याच्या आत काय होतं? अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवायचा तर प्रचंड जोर लागेल. लग्नघरात अंथरलेलं लांबलचक जाजम वीतभर सरकवायचं असेल तर आपण ते अख्खं ओढत नाही. एका टोकाला चुणी पाडतो आणि ती चुणी पायाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेतो. स्फटिकात अशी चुणी असते, तिला डिस्लोकेशन म्हणतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं काम करून तिची कल्पना मांडली. ती होती निव्वळ तर्काने पाहिलेली. प्रत्यक्ष दिसायला बावीस वर्षं लागली: १९५६ मध्ये केंब्रिजमध्ये पीटर हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यात या रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्या, चक्क हलताना!

डिस्लोकेशन पृष्ठभागाशी पोचलं की तिथे अणूच्या उंचीची, पाव नॅनोमीटरची, पायरी उमटते. विद्युत क्षेत्राच्या ओढीने पोटातली अनेक डिस्लोकेशन एकदम सुटून एकाच जागी वर आली तर? तर पृष्ठभागावर क्षणापुरता उंचवटा उभा राहील, तिथे क्षेत्र एकवटेल, आणि ठिणगी पडेल. बऱ्याच संशोधकांचं मत आज या बाजूला झुकलेलं आहे. सुया आधीपासून रानासारख्या उभ्या नसतातच, त्या ऐन वेळी तांब्याच्या पोटातून उगवतात, असं हे मत.

याला आधार आहेत, आणि ते फार सुरेख आहेत. सर्नमध्ये वेगवेगळ्या धातूंवर ठिणग्या पाडून २००९ मध्ये त्यांचा क्रम लावला. जो धातू उशिरा वितळतो तो जास्त टिकेल, असं आपण धरून चालू. टंगस्टन ३४०० अंशांच्या पुढे वितळतं, टायटेनियम १६७० अंशांच्या आसपास. तरी टायटेनियम टंगस्टनला भारी पडलं! क्रम मोटामोटी जुळला तो अणूंच्या मांडणीशी. तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या मांडणीत डिस्लोकेशन सहज सरकतात, आणि हे दोघे यादीत खाली होते. टायटेनियम आणि कोबाल्ट यांच्या मांडणीत ती अडखळतात, आणि हे दोघे वर होते.

दुसरा आधार कंडिशनिंगचा. नवी नळी लगेच पूर्ण ताण सोसत नाही. तिला कमी ताणापासून सुरुवात करून कोट्यवधी स्पंद देत हळूहळू वर न्यावं लागतं. पूर्वी वाटायचं की ठिणग्या पडून पडून पृष्ठभागावरची टोकं जळून जातात आणि नळी सुधारते. पण वेगवेगळ्या नळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसलं की सुधारणा पडलेल्या ठिणग्यांच्या संख्येशी बांधलेली नाही. ती बांधलेली आहे सोसलेल्या स्पंदांशी. ठिणगी न पडताही तांबं कणखर होत जातं! लोहाराच्या हातोड्याखाली धातू कठीण होतो, तेव्हा आत डिस्लोकेशनचा गुंता होऊन त्यांची वाट अडते. इथे हातोडा म्हणजे विद्युत क्षेत्र.

तिसरा आधार डार्क करंटचा. डिस्लोकेशन खरंच झटक्याने हलत असतील, तर ठिणगी न पडणाऱ्या वेळीही त्या बारीक गळतीत मधूनच उसळी दिसायला हवी. ती शोधली, आणि सापडली. ठिणगीपर्यंत न पोचलेल्या अशा किती हालचाली तांब्याच्या पोटात घडून विरत असतील!

मग डिस्लोकेशनना जखडून टाकायचा सोपा उपाय? तांबं गोठवायचं. थंडीत ती जड पावलांनी चालतात. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत तांब्याची पोकळी ४५ केल्विनला, म्हणजे उणे २२८ अंशांना नेली, तेव्हा तिच्या पृष्ठभागाने दर मीटरला जवळपास ५० कोटी व्होल्ट पेलले.

हे सगळं घडतंय ते निसर्गातले मूलकण शोधण्याच्या ओढीने, पण कॅन्सरवर किरणोपचार करणारी लिनॅक यंत्रंही इलेक्ट्रॉनांना तांब्याच्या पोकळ्यांतच पळवतात. मुंबईत पवईच्या ‘समीर’ संस्थेने अशी यंत्रं देशातच विकसित केली आहेत. आता सर्न आणि लोझानचं विद्यापीठ रुग्णालय मिळून, ‘क्लिक’साठी घडवलेल्या या तंत्रावरच एक नवं उपचारयंत्र तयार करत आहेत. खूप जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन शरीरात वीस सेंटिमीटर खोलवरच्या गाठीपर्यंत पोचवायचे, आणि पूर्ण मात्रा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत द्यायची, असा त्यांचा बेत आहे. इतकी ऊर्जा देणारं यंत्र रुग्णालयात मावायचं, तर नळी आखूड हवी. नळी आखूड हवी, तर दर मीटरचा ताण जबर हवा. आणि तो ताण किती वाढवता येईल, हे ठरतं तांब्याच्या पोटातली डिस्लोकेशन किती जागची हलतात यावर.